परसबागेतील शेवंती : लागवड आणि रोपांची निपज

शेवंतीच्या फुलाची मराठी घराला नव्याने ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. देव्हाऱ्यात, दारावरच्या तोरणात, स्त्रियांच्या वेणीत हे फूल पिढ्यान्‌पिढ्या वावरत आलेले आहे. तथापि फुलाशी जितका परिचय असतो, तितका त्याच्या झाडाशी असतोच असे नाही. पुष्कळ शाळांच्या आवारात हिवाळ्यात शेवंतीचा सुरेख ताटवा दृष्टीस पडतो. पुढील वर्षी त्याच जागी उघडी माती असते, किंवा बाजारातून विकत आणलेली नवी रोपे असतात. फुले वाळली, फांद्या तपकिरी पडल्या, तेव्हा झाड मेले असे समजून ते कोणीतरी उपटून टाकलेले असते. वस्तुतः शेवंती हे बहुवर्षायू झाड आहे. फुलून गेलेली फांदी मरते हे खरे. परंतु त्याच वेळी जमिनीलगतच्या बुडख्यातून नवे कोंब फुटण्याच्या तयारीत असतात. बहर ओसरल्यापासून मृगाच्या पावसापर्यंतचे जे पाच-सहा महिने, ज्यांत या झाडाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्यांवरच पुढच्या वर्षीचा ताटवा अवलंबून असतो. म्हणून प्रस्तुत लेखात फुलांपेक्षा त्या महिन्यांचा विचार अधिक केलेला आहे.

शेवंतीचे मूळ स्थान चीन होय. तेथे तिची लागवड दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आलेली असून, चौथ्या-पाचव्या शतकांत होऊन गेलेला ताओ युआनमिंग हा कवी शेवंतीचा चाहता म्हणून आजही ओळखला जातो. चीनमधून ती जपानात गेली आणि तेथे तिला इतका मान मिळाला की, सोळा पाकळ्यांची शेवंती हे सम्राटांचे राजचिन्ह झाले. लिनीअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये या वंशाला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘सोन्याचे फूल’ असा आहे. रानटी शेवंतीच्या पिवळ्या जाती पाहिल्या म्हणजे हे नाव सार्थ वाटते. पांढरी, जांभळी, तांबडी, विटकरी ही सर्व पुढची, माणसाच्या निवडीतून आलेली संपत्ती आहे.

आपण ज्याला शेवंतीचे एक फूल म्हणतो ते एक फूल नसून फुलांचा समुदाय असतो, ही गोष्ट मुलांना प्रत्यक्ष दाखविण्यासारखी आहे. एकेरी जातीचे एक फूल घेऊन ते ब्लेडने मधोमध उभे चिरावे. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. कडेला दिसणारी प्रत्येक ‘पाकळी’ ही एक स्वतंत्र लहान फूल असून तिच्या तळाशी बारीकसा बीजाशय असतो. मधल्या पिवळ्या गोलात शेकडो इवलाली नळीसारखी फुले दाटीने बसविलेली असतात. कडेच्या फुलांना किरण-पुष्पके व मधल्या फुलांना बिंब-पुष्पके म्हणतात, आणि या सबंध रचनेला स्तबक अशी संज्ञा आहे. किरण-पुष्पकांत केवळ स्त्रीकेसर असतो. बिंब-पुष्पकांत पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. दाट, भरगच्च अशा दुहेरी जातींत मधली बहुतेक पुष्पके लांब पाकळीसारखी झालेली असतात, आणि म्हणूनच अशा फुलांपासून बी फारसे मिळत नाही. सौंदर्य वाढले, पण बी घटले, असा हा व्यवहार आहे.

एकदा ही रचना डोळ्यांत भरली की मुलांना तिची भावंडे सर्वत्र दिसू लागतात. झेंडू, सूर्यफूल, कारळा, करडई, बांधावरचा माका, सह्याद्रीच्या पठारांवर श्रावण-भाद्रपदांत पिवळी चादर पसरणारी सोनकी, आणि शाळेच्या भिंतीलगत कोणी न लावता उगवणारी एकदांडी ही सर्व एकाच कुलातील आहेत. दुर्दैवाने गाजरगवतही त्याच कुलातले आहे. एकदांडीचे फूल तर वर्षभर व फुकट मिळते. शेवंती फुलण्याची वाट न पाहता हा पाठ जून महिन्यातही घेता येतो. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. या कुलातील काही वनस्पतींच्या स्पर्शाने काही व्यक्तींच्या त्वचेला खाज सुटते. गाजरगवताची बाब सर्वश्रुत आहे. परंतु शेवंतीचीही पाने व फुले सतत हाताळणाऱ्यांना क्वचित असा त्रास होतो. ज्या मुलाच्या हातावर पुरळ उठेल, त्याला बागेतील दुसरे काम द्यावे.

याच कुलातील एक परदेशी नातलग येथे मुद्दाम आठवावा. उत्तर अमेरिकेच्या मधल्या भागात जी विस्तीर्ण गवताळ माळराने आहेत, तेथे एकिनेशिया नावाचे एक रानफूल आढळते. त्याची किरण-पुष्पके खाली झुकलेली व मधला भाग शंकूसारखा वर आलेला असतो, म्हणून त्याला शंकुपुष्प म्हणावयास हरकत नाही. त्या प्रदेशात हिवाळ्यात झाडाचा वरचा सगळा भाग थंडीने नाहीसा होतो, जमिनीतील मूळ तेवढे जिवंत राहते आणि वसंतात त्याच बुडख्यातून नवे कोंब येतात. तेथील बागाईत करणारे लोक तीन-चार वर्षांनी असा जुना गड्डा खणून, त्याचे मुळांसकट भाग करून नवी झाडे तयार करतात. शेवंतीची रीत तत्त्वतः हीच आहे. फरक आहे तो ऋतूंचा. थंड देशांतील बागकामाची पुस्तके झाडाला हिमापासून जपण्यास सांगतात. महाराष्ट्रात शेवंतीचा वैरी पौष नव्हे, वैशाख आहे. परदेशी पुस्तकातले वेळापत्रक येथे जसेच्या तसे उचलल्यास, ज्या महिन्यांत झाडाला सर्वाधिक आधार हवा, त्याच महिन्यांत ते उघड्यावर पडते. अशा रीतीने केलेल्या बागा पाहावयास मिळत नाहीत असे नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. महाराष्ट्रात शेवंतीचा मुख्य बहर साधारणतः ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, जातीप्रमाणे पुढेमागे, येतो. फुले संपताच वाळलेल्या फांद्या जमिनीपासून १० ते १५ सेंमी. उंचीवर छाटाव्यात. बुडख्याभोवतीची माती खुरप्याने हलकेच मोकळी करावी. खोल खणू नये, कारण नवे कोंब फार वर असतात. ओंजळभर चांगले कुजलेले शेणखत मिसळून पाणी द्यावे. दोन-तीन आठवड्यांत जुन्या खोडाच्या भोवती, कधी एक-दोन वितींच्या अंतरावरही, हिरवे कोंब जमिनीतून डोके वर काढतात. हे कोंब म्हणजे शेवंतीचे मुनवे. काही भागांतील शेतकरी त्यांना काशा म्हणतात. केळीच्या मुनव्यांशी मुलांचा परिचय असतो, त्यामुळे ही कल्पना त्यांना समजण्यास अडचण पडत नाही.

मुनवे चार-पाच पानांचे झाले, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, जुना बुडखा अलगद उकरून काढावा. प्रत्येक मुनव्याला स्वतःची थोडी मुळे सुटलेली आढळतात. असा मुळांसकट मुनवा वेगळा करून लावला की तो सहसा दगा देत नाही. मधला जुना, लाकडासारखा टणक झालेला भाग मात्र टाकून द्यावा. त्याचा मोह धरू नये. बाहेरच्या कडेचे मुनवे जोमदार असतात, मधले दुबळे निघतात. निवड करताना एक नियम कटाक्षाने पाळावा: ज्या झाडाला चांगली फुले आली व जे पावसाळ्यात निरोगी राहिले, त्याचेच मुनवे घ्यावेत. त्याकरिता ऐन बहरातच अशा झाडांना रंगीत चिंधी बांधून ठेवावी. कारण फेब्रुवारीत सर्व बुडखे सारखेच दिसतात आणि स्मरणावर विसंबून काम फसते.

मुनव्याने वाढविलेले झाड मूळ झाडाचेच दुसरे रूप असते. त्याचा रंग, उंची, फुलण्याचा काळ सर्व काही मूळ झाडासारखे असते, कारण ते बीजापासून नव्हे, त्याच शरीराच्या भागापासून झालेले असते. बियांपासून केलेल्या रोपांत असा भरवसा नसतो. शेवंतीचे बी साधारणतः दोन निरनिराळ्या झाडांच्या परागांच्या संयोगातून तयार होते, त्यामुळे एकाच फुलातील बियांपासून झालेली रोपेही एकमेकांसारखी निघत नाहीत. बहुतेक आईबापांहून हलकी, क्वचित एखादे उत्तम. नव्या जाती काढणारे संशोधक त्या एखाद्यासाठी अनेक रोपे लावून बहुतेक टाकून देतात. शाळेच्या बागेत हा उद्योग प्रयोगापुरता करावा, ताटव्यासाठी नव्हे.

परंतु या सारखेपणाची दुसरी बाजू ध्यानात घेतली पाहिजे. झाडाचा गुण जसा मुनव्यात उतरतो, तसा रोगही उतरतो. शेवंतीला खुजी करून टाकणारा एक रोग तर विषाणूहूनही सूक्ष्म अशा घटकामुळे होतो, आणि तो रोगी झाडापासून घेतलेल्या कलमांतून व छाटणीच्या सुरीला लागलेल्या रसातून पसरतो. अशा झाडावर औषध नसते. म्हणून विनाकारण ठेंगणे राहिलेले, पाने फिकट पडलेले किंवा वेडीवाकडी फुले देणारे झाड कितीही लाडके असले तरी त्याचे मुनवे वाटू नयेत. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना सुरी साबणाच्या पाण्याने धुऊन पुसून घेण्याची सवय मुलांना लावावी.

कधीकधी एक गंमतीची गोष्ट घडते. पांढऱ्या फुलांच्या झाडाची एकच फांदी पिवळी फुले देऊ लागते, किंवा जांभळ्या झाडावर एखादी फांदी विटकरी फुलते. हा कोणाचा खोडसाळपणा नसून, त्या फांदीच्या कोंबातच आपोआप घडलेला बदल असतो. तीच फांदी कलम करून लावल्यास नवा रंग कायम राहू शकतो, आणि शेवंतीच्या कित्येक प्रसिद्ध जाती अशाच जन्मास आल्या आहेत. वर्गातील एखादे चौकस मूल रोज बाग पाहत असेल, तर अशी फांदी शिक्षकांच्या आधी त्याच्याच नजरेस पडेल.

मुनवे वेगळे केल्यानंतर त्यांचे दोन उपयोग होतात. थोडी रोपे पुरेशी असतील तर ते पावसाळ्याच्या आरंभापर्यंत कुंडीत वाढवून थेट वाफ्यात लावता येतात. परंतु रोपे अधिक हवी असतील तर हे मुनवे ‘आई-झाडे’ म्हणून जपावेत व मे-जूनमध्ये त्यांच्या शेंड्यांची छाट कलमे करावीत. समजा, एका बुडख्यापासून ८ मुनवे मिळाले, प्रत्येकापासून ५ शेंडे घेतले, आणि चार कलमांपैकी तीन जगली, तर एका जुन्या झाडापासून ३० नवी झाडे होतात. हे उदाहरण चौथीच्या मुलांना फळ्यावर घालावे, आणि जुलैमध्ये प्रत्यक्ष किती जगली ती संख्या त्याखाली लिहावी. पुस्तकातील उदाहरणाचे उत्तर व मातीतले उत्तर यांत अंतर का पडले याची चर्चा गणिताच्या तासालाच व्हावी.

छाट कलम करण्याची कृती सोपी आहे. ज्याला कळी आलेली नाही असा कोवळा, ताठ शेंडा ५ ते ७ सेंमी. लांबीचा, पानाच्या पेराच्या किंचित खाली, धारदार सुरीने कापावा. खालची पाने काढून टाकावीत व वरची दोन-तीन ठेवावीत. मातीच्या पसरट भांड्यात किंवा तळाला भोके पाडलेल्या जुन्या डब्यात धुतलेली नदीची जाड वाळू भरून, बोटाने किंवा काडीने भोक पाडून, कलमाचा खालचा तिसरा हिस्सा त्यात रोवावा व वाळू दाबून घ्यावी. कलम नुसते ढकलून रोवल्यास त्याची साल खरचटते. भांडे उजेडाच्या, पण उन्हाच्या नव्हे, अशा जागी ठेवून दिवसातून दोन-तीन वेळा पाणी शिंपडावे. वाळू ओलसर असावी, चिखल नसावी. मुळे फुटण्यासाठी मिळणारी औषधी भुकटी वापरली तर चालते, पण शेवंतीला तिची गरज नाही. खर्च न केलेलाच बरा. दोन ते तीन आठवड्यांत मुळे फुटतात. नवे पान उमलू लागले आणि कलम हलकेच ओढले असता ते धरून राहिले, की मुळे आली असे समजावे. मुलांना ही मुळे पाहण्याची उत्सुकता अनावर होते व ती रोज कलमे उपटून पाहतात. त्यांना रागावण्यापेक्षा एक भांडे केवळ उपटून पाहण्यासाठीच वेगळे लावून द्यावे. बाकीची कलमे त्यामुळे वाचतात, आणि कोणत्या दिवशी किती लांब मूळ होते याची नोंदही होते.

येथपर्यंतची कामे कौशल्याची आहेत. कठीण काम निराळेच आहे. आई-झाडांना एप्रिल व मे हे दोन महिने जिवंत ठेवावयाचे असतात, आणि नेमकी त्याच वेळी शाळेला उन्हाळ्याची सुटी असते. शाळेच्या शेवंतीचा वंश खुंटतो तो बहुधा येथे. मार्चमध्ये उत्साहाने लावलेले मुनवे जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा कुंडीतील काड्या होऊन राहिलेले असतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे रोपे शाळेत न ठेवता घरोघर वाटून देणे. प्रत्येक जातीची रोपे निदान तीन घरी जावीत, म्हणजे एका घरी मेली तरी जात राहते. घर निवडताना मुलाची हुशारी पाहू नये. त्या घराच्या न्हाणीचे किंवा भांडी घासण्याचे पाणी कोठे वाहते व तेथे दुपारी सावली असते की नाही, हे पाहावे. राख किंवा माती लावून घासलेल्या भांड्यांचे पाणी चालते. साबणाचे व धुण्याच्या भुकटीचे पाणी रोज देणे बरे नव्हे. कोणाकडे कोणती रोपे, किती, कोणत्या तारखेस दिली याची नोंद एका वहीत ठेवावी. मुलाच्या आईला किंवा आजीला हे काम प्रत्यक्ष भेटून सांगितले तर अधिक उत्तम, कारण सुटीत मूल मामाच्या गावाला जाते आणि कुंडी घरीच राहते.

ज्या शाळांना रोपे आवारातच ठेवणे भाग आहे, त्यांनी सर्व कुंड्या इमारतीच्या पूर्वेकडील अथवा उत्तरेकडील भिंतीलगत, शक्य तर कडुनिंबाच्या सावलीत, एकमेकींना खेटून जमिनीत अर्ध्या पुराव्यात. कुंडीच्या मातीवर वाळलेल्या पानांचा तीन बोटे जाड थर द्यावा. मधोमध एक न भाजलेली नव्हे, पण भाजूनही पाझरणारी अशी साधी मातीची घागर गळ्यापर्यंत पुरून ती पाण्याने भरून झाकण ठेवल्यास तिच्यातून ओलावा हळूहळू भोवतालच्या मातीत उतरतो. कुंड्यांऐवजी मुनवे थेट या घागरीभोवती जमिनीत लावले तर हा उपाय अधिकच उपयोगी पडतो. घागर काही दिवसांच्या अंतराने भरली तरी भागते. ज्या गावांत मे महिन्यात पिण्याच्या पाण्यासाठीच टँकरची वाट पाहावी लागते, तेथे माणसांचा व गुरांचा हक्क पहिला, हे निराळे सांगावयास नको. अशा ठिकाणी मोठ्या ताटव्याचा हव्यास सोडून जातीगणिक दोन मुनवे तेवढे राखावेत. दोन मुनव्यांना दिवसाकाठी तांब्याभर पाणी पुरते, आणि वर पाहिलेल्या हिशोबाने पुढच्या दोन वर्षांत त्यांचा पुन्हा ताटवा होतो.

जून-जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर, मुळे फुटलेली कलमे कायमच्या जागी लावावीत. जागेला दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. झाडाखालच्या शेवंतीला पानेच पाने येतात. पाण्याचा निचरा ही दुसरी अट. पावसाळ्यात चोवीस तास मुळांशी पाणी साचले तर शेवंती खालून पिवळी पडून सडू लागते. काळ्या, चिकट जमिनीत वाफा वीतभर उंच करून त्यात जाड वाळू व कुजलेला पाला मिसळावा, किंवा सरीच्या वरंब्यावर लागण करावी. दोन झाडांत ३० सेंमी. अंतर असावे. कुंडीत लावावयाचे असल्यास २० ते २५ सेंमी. व्यासाची कुंडी घेऊन दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग शेणखत असे मिश्रण भरावे. मागील वर्षी ज्या वाफ्यात शेवंती होती, तो वाफा शक्यतो दुसऱ्या पिकाला द्यावा; जमिनीत राहिलेले रोग त्यायोगे टळतात.

लागणीनंतर साधारण चार आठवड्यांनी शेंडा खुडावा. हे काम नवशिक्याच्या जिवावर येते, कारण ऐन भरात आलेल्या झाडाचे डोके खुडणे त्याला निर्दयपणाचे वाटते. त्यामागील कारण असे की, शेंड्यात तयार होणारे एक द्रव्य खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की ते डोळे मोकळे होऊन फुटतात आणि एका काठीचे झुडूप होते. न खुडलेले झाड उंच वाढून वाऱ्याने लोळते व मोजकी फुले देते. तीन-चार आठवड्यांनी नव्या फांद्यांचे शेंडे आणखी एकदा खुडावेत. ऑगस्ट संपल्यावर मात्र खुडणी करू नये, कारण त्यानंतर त्याच शेंड्यांत कळ्यांचा आरंभ होत असतो. देवपूजेसाठी पुष्कळ फुले हवी असतील तर सर्व कळ्या राहू द्याव्यात. एखादे मोठे, पाहण्याजोगे फूल हवे असेल तर त्या फांदीवरची मधली कळी ठेवून बाजूच्या लहान असतानाच काढाव्यात. फांद्यांना तुरीच्या काटक्यांचा आधार पुरेसा होतो.

शेवंती हिवाळ्यातच का फुलते, या प्रश्नाचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. गार्नर आणि अॅलर्ड या दोन अमेरिकन संशोधकांनी तंबाखू व सोयाबीन यांवर प्रयोग करून १९२० मध्ये असे दाखविले की, कित्येक झाडांचे फुलणे दिवसाच्या लांबीवर ठरते. पुढील संशोधनात हेही आढळले की, झाड खरोखर मोजते ते दिवसाची नव्हे तर अखंड अंधाराच्या रात्रीची लांबी. शेवंती ही लांब रात्रीची मागणी करणाऱ्या झाडांपैकी एक होय. पुण्याजवळ जूनअखेरचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरअखेरचा सुमारे अकरा तासांचा. हा फरक माणसाच्या फारसा लक्षात येत नाही, झाडाच्या येतो. रात्रीच्या मध्यावर काही वेळ प्रकाश पाडून अंधार तोडला तर शेवंतीचे फुलणे लांबते, आणि व्यापारी हरितगृहांत फुले हव्या त्या मुहूर्तावर आणण्यासाठी हीच युक्ती वापरतात. पूर्वीच्या खेड्यातील शेवंतीला या बाबतीत काही अडचण नव्हती. आता रस्त्यावर व शाळेच्या ओसरीत रात्रभर विजेचे दिवे असतात, आणि त्यांच्या झोतातील झाडांना कळ्या का येत नाहीत याचा उलगडा पुष्कळांना होत नाही.

हा प्रयोग कोणत्याही शाळेला करता येईल. एकाच आई-झाडाची दोन कलमे सारख्या कुंड्यांत वाढवावीत. ऑगस्टच्या अखेरीपासून एक कुंडी रात्रभर जळणाऱ्या ओसरीच्या दिव्याखाली व दुसरी पूर्ण अंधाराच्या जागी ठेवावी. दिवसा दोन्ही एकाच उन्हात असाव्यात. बागेत वीज नेण्याच्या भानगडीत पडू नये. आहे त्या दिव्याचाच उपयोग करावा. दोन्ही कलमे एकाच झाडाची असल्यामुळे त्यांच्यात दिसेल तो फरक प्रकाशाचाच, असे मुलांना निश्चयाने म्हणता येईल. निरनिराळ्या झाडांची रोपे घेतल्यास तसे म्हणता येणार नाही. काही देशी जाती या बाबतीत कमी काटेकोर असतात, त्यामुळे दिव्याखालचे झाड मुळीच न फुलता केवळ उशिरा फुलले तरी प्रयोग वाया गेला असे मानू नये. पहिली कळी कोणत्या कुंडीत कोणत्या तारखेस दिसली, आणि त्या दिवशी दिनदर्शिकेप्रमाणे सूर्योदय व सूर्यास्त केव्हा होता, हे लिहून ठेवावे.

रोगकिडींविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. कोवळ्या शेंड्यांवर मावा चिकटतो. तो बोटाने चोळून किंवा पाण्याच्या जोरदार शिंपणाने घालवावा. न गेल्यास ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. माव्यावर तांबडे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे फिरताना दिसले तर काहीही फवारू नये. ते मावा खात असतात. शाळेच्या बागेत विषारी औषधे आणू नयेत आणि मुलांच्या हाती तर कदापि देऊ नयेत. पावसाळ्यात खालच्या पानांवर काळपट-तपकिरी डाग पडतात. ती पाने तोडून दूर पुरावीत, खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, आणि पाणी पानांवर न ओतता बुंध्याशी द्यावे.

हारासाठी फूल पूर्ण उमलल्यावर, सकाळी दव ओसरताच तोडावे. दांड्यासकट फुलदाणीत ठेवावयाचे असल्यास बाहेरच्या ओळी उघडल्या व मधला भाग मिटलेला आहे अशा वेळी कापावे, म्हणजे ते अधिक दिवस टिकते. बहरातील उत्तम झाडांना चिंध्या बांधण्याचे काम याच दिवसांत उरकावे आणि वहीत प्रत्येक झाडापुढे रंग, कळी दिसल्याची तारीख व पावसाळ्यातील प्रकृती लिहावी. शिक्षकांची बदली झाल्यास ही वही शाळेच्या इतर दप्तराबरोबर नव्या शिक्षकांच्या स्वाधीन करावी, आणि रोपे कोणत्या घरी आहेत ती पाने त्यांना उघडून दाखवावीत.